नवलाचे व्हिडिओ शोधण्याची आणि पाहण्याची रीत

नवल वाटावे असे व्हिडिओ आपोआप समोर येतील म्हणून वाट पाहत बसणाऱ्याच्या वाट्याला बहुधा तेच ते येते. व्हिडिओ दाखवणारी संकेतस्थळे आपण आधी काय पाहिले, कशावर किती वेळ थांबलो आणि काय अर्ध्यावर सोडले याची नोंद ठेवतात व त्याच धाटणीचे पुढचे व्हिडिओ सुचवतात. या पद्धतीत ओळखीच्या आवडीचे भरपूर मिळते. पण जी गोष्ट आपल्याला आवडेल हे आपल्यालाच अजून ठाऊक नाही, ती मात्र क्वचितच समोर येते. म्हणून ज्यांना करमणूक आणि कुतूहल दोन्ही हवे आहे त्यांनी सुचवलेल्या यादीवर विसंबून न राहता स्वतःचा प्रश्न घेऊन शोधायला जावे, असे माझे ठाम मत आहे. पुढे जे सांगितले आहे ते या एका सवयीच्याच आधाराने सांगितले आहे.

प्रश्नापासून सुरुवात

शोधाच्या चौकटीत ‘मजेदार व्हिडिओ’ किंवा ‘आश्चर्यकारक व्हिडिओ’ असे शब्द टाकले की हाती लागतात ती ठिकठिकाणचे तुकडे जोडून केलेली संकलने. त्यांवर कर्कश संगीत असते आणि कोणता तुकडा कुठला, कोणी टिपलेला, याचा काहीही पत्ता नसतो. याउलट प्रश्न नेमका असला, त्यात एक वस्तू आणि एक क्रिया असली, की मिळणारे निकाल एकदम बदलतात. ‘अंतराळात ओले फडके पिळले तर काय होते’ हा तसा प्रश्न आहे. शाळेत शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी सुचवलेला हा प्रयोग कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात करून दाखवला. पिळलेले पाणी कुठेही ठिबकत नाही. ते फडक्याभोवती नळीच्या आकाराचा थर धरते, तिथून हळूहळू हातांवर सरकते आणि बोटांना दाट लेपासारखे चिकटून राहते. पृष्ठताणाची व्याख्या आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते, परंतु भारहीन अवस्थेत तो एकटाच पाण्याचा ताबा घेतो तेव्हा काय दिसते, हे या काही मिनिटांत जितके लख्ख कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

दुसरा असाच प्रश्न म्हणजे हवा नसेल तर पीस आणि हातोडी एकाच वेळी खाली पडतील का. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकदम सोडले. चित्र धूसर आहे आणि सारा प्रकार मिनिटभराचाच आहे, तरी दोन्ही वस्तू एकाच क्षणी धुळीवर टेकताना पाहून जे समाधान मिळते ते आजच्या अतिशय स्पष्ट चित्रणातूनही नेहमी मिळत नाही. चित्राचा दर्जा आणि पाहण्याजोगेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शोधताना ध्यानात ठेवावे, म्हणजे जुने आणि अस्पष्ट व्हिडिओ आपण उगाच टाळणार नाही.

प्रश्न आधी मराठीत टाकून पाहावा, मग इंग्रजीत, आणि वस्तू ज्या प्रदेशातील असेल तिथल्या भाषेतही एकदा टाकावा. भाषांतराचे साधन हाताशी असल्यामुळे यात आता काही कष्ट उरलेले नाहीत. प्राणी आणि वनस्पती यांच्या बाबतीत तर शास्त्रीय नाव टाकणे सर्वांत उपयोगी पडते. पारदर्शक डोक्याच्या माशाचेच पाहा. ‘पारदर्शक मासा’ एवढेच शोधले तर बनावट चित्रांचा पूर येतो. मॅक्रोपिना मायक्रोस्टोमा हे नाव टाकले, तर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे अॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटने खोल समुद्रात टिपलेले खरे चित्रण सापडते. सुमारे ६०० ते ८०० मीटर खोलीवर राहणाऱ्या या माशाची ओळख विज्ञानाला १९३९ पासून होती, परंतु जाळ्यात वर येईपर्यंत त्याच्या डोक्यावरचे नाजूक पारदर्शक कवच फाटून जात असे. पाण्याखालच्या यंत्राने त्याला जिवंत टिपले तेव्हाच ते कवच आणि त्याच्या आत फिरणारे हिरवे, नळकांड्यासारखे डोळे संशोधकांना नीट पाहता आले. तोंडाच्या वर जे दोन काळे ठिपके डोळ्यांसारखे दिसतात ती प्रत्यक्षात त्याची नाकपुड्यांसारखी घ्राणेंद्रिये आहेत. हे आधी माहीत असेल तर व्हिडिओ पाहताना नजर योग्य जागी जाते.

मूळ जागी जाऊन पाहणे

एखादा तुकडा कुठेतरी आवडला की तो जिथून आला त्या मूळ व्हिडिओपर्यंत जाण्याची सवय लावून घ्यावी. व्हिडिओखालचे वर्णन उघडून वाचावे, त्यात मूळ चित्रण कोणाचे हे दिले आहे का ते पाहावे, आणि दिले नसेल तर दृश्यातील एखादी स्थिर फ्रेम घेऊन चित्रावरून शोध घ्यावा. मूळ व्हिडिओ जवळजवळ नेहमीच अधिक लांब, अधिक स्पष्ट आणि अधिक माहितीपूर्ण असतो. शिवाय कष्ट ज्याने घेतले त्याच्या पदरात पाहणाऱ्यांची मोजणी पडावी, हे न्यायालाही धरून आहे.

मूळ चित्रणात काय काय दडलेले असते याचे माझ्या आवडीचे उदाहरण मंगळावरचे आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी नासाचे पर्सिव्हरन्स हे यान मंगळावर उतरले आणि पुढच्या काही दिवसांत उतरतानाचे चित्रण सर्वांसाठी खुले झाले. त्यात २१.५ मीटर व्यासाची हवाई छत्री उघडते, आणि तिच्यावर पांढऱ्या व नारिंगी पट्ट्यांची काहीशी विस्कळीत वाटणारी नक्षी दिसते. ती नक्षी मुद्दाम तशी केलेली होती. पट्ट्यांमध्ये शून्य आणि एक यांच्या सांकेतिक भाषेत भव्य कामांचे धाडस करा अशा अर्थाचे एक वचन लिहिलेले होते आणि सर्वांत बाहेरच्या कड्यात यान जिथे बांधले गेले त्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे अक्षांश-रेखांश होते. छत्रीत काहीतरी दडले असल्याचे मोहिमेतील अभियंत्यांनी सूचित करताच जगभरच्या हौशी लोकांनी काही तासांत हे कोडे सोडवले. हा व्हिडिओ थांबवून, छत्री पूर्ण उघडलेली फ्रेम मोठी करून स्वतः पट्टे मोजत वाचता येतात, आणि ज्यांना कोडी आवडतात त्यांनी उत्तर बाजूला ठेवून ते जरूर करून पाहावे.

जुन्या चित्रणांसाठी संग्रहांकडे वळावे. ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तपट कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये आपली सुमारे ८५,००० चित्रणे यूट्यूबवर खुली केली. विचित्र यंत्रे, विसरल्या गेलेल्या स्पर्धा आणि आता नाहीसे झालेले व्यवसाय यांचा तो मोठा साठा आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावर प्रेलिंजर संग्रहातील शैक्षणिक पट, कारखान्यांसाठी केलेले माहितीपट आणि घरगुती चित्रणे पाहायला मिळतात. अशा संग्रहात शिरताना वर्ष आणि विषय दोन्ही सांगून शोधावे, कारण नुसते विषयाचे नाव टाकले तर निकालांची गर्दी होते आणि मन लगेच कंटाळते.

थांबत आणि मागे जात पाहणे

चांगला व्हिडिओ एकदा सलग पाहावा आणि दुसऱ्यांदा थांबत पाहावा. यूट्यूबवर संगणकाच्या कळफलकावरील के ही कळ दाबली की व्हिडिओ थांबतो, जे आणि एल या कळांनी १० सेकंद मागे-पुढे जाता येते, आणि व्हिडिओ थांबलेला असताना स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे सरकवता येते. वेग पाव पटीपर्यंत कमी करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की तेवढेच अंतर मागे-पुढे जाते. एवढ्या चार गोष्टी बोटांना सवयीच्या झाल्या की पाहण्याची गोडी कितीतरी वाढते.

त्यांचा उपयोग काय, हे रूपर्ट राजपुत्राच्या थेंबावरून कळेल. वितळलेल्या काचेचा ठिपका थंड पाण्यात पडू दिला की बेडकाच्या पिल्लासारखा, जाड डोके आणि लांब निमुळती शेपटी असलेला काचेचा थेंब तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, आणि शेपटीचे टोक जरा मोडले की सगळा थेंब भुकटी होऊन उडतो. बाहेरची काच आधी थंड होऊन घट्ट होते, आतली नंतर आकसते, त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबलेला आणि आतला भाग कायम ताणलेला राहतो. तडा आतल्या ताणलेल्या भागात पोचला की साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. डेस्टिन सँडलिन यांच्या स्मार्टर एव्हरी डे या चॅनलवर हे सेकंदाला १,३०,००० फ्रेम टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवलेले आहे. साध्या वेगाने पाहताना थेंब एकाएकी नाहीसा झाल्यासारखा वाटतो. संथ चित्रणात मात्र तडा शेपटीकडून डोक्याकडे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावत जाताना दिसतो, आणि त्याच्या पुढची काच अगदी शेवटच्या क्षणापर्यंत जशीच्या तशी शाबूत असते. ही सीमारेषा पाहण्यासाठी एकेक फ्रेम सरकवावी.

काही व्हिडिओ असे असतात की उत्तर ऐकण्याआधी थांबून आपला अंदाज बांधणे, हेच त्यांतले खरे मनोरंजन असते. विज्ञानाचे व्हिडिओ करणारे स्टीव्ह मोल्ड यांनी २०१३ मध्ये लोकप्रिय केलेला मण्यांच्या साखळीचा व्हिडिओ मी या जातीत सर्वांत वर ठेवेन. भांड्यात साठवलेल्या लांबलचक साखळीचे एक टोक बाहेर सोडले की साखळी स्वतःच सळसळत बाहेर पडू लागते, एवढे कोणालाही समजते. पण वेग वाढल्यावर ती भांड्याच्या काठावरून नुसती घसरत नाही, तर काठापासून बरीच वर उसळून कमान करते आणि मग खाली येते. वर ढकलणारे तिथे कोणीही नाही, मग ती उसळते कशामुळे? या टप्प्यावर व्हिडिओ थांबवून कागदावर आपले उत्तर लिहावे. केंब्रिजमधील जॉन बिगिन्स आणि मार्क वॉर्नर यांनी २०१४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. साखळीचा दुवा एका टोकाने झटकन वर ओढला गेला की त्याचे दुसरे टोक खाली भांड्याच्या तळावर किंवा खालच्या साखळीवर दाब देते, आणि तिथून उलट दिशेने मिळणारा धक्का साखळीला जास्तीचा जोर देतो. त्यानंतरही या स्पष्टीकरणावर जाहीर वादविवाद झाले आणि ते व्हिडिओसुद्धा पाहण्यासारखे आहेत, कारण दोन जाणकार माणसे एकमेकांचे म्हणणे प्रयोगाने खोडू पाहतात तेव्हा विज्ञान कसे चालते ते समोर दिसते. करमणूक म्हणून केलेल्या व्हिडिओतून शोधनिबंध जन्माला यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

डोळे मिटून पाहण्याचाही एक व्हिडिओ आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलेला परिणाम दाखवणारी अनेक चित्रणे उपलब्ध आहेत. त्यांत ध्वनी ‘बा’ असा असतो, परंतु ओठांची हालचाल ‘गा’ म्हणणाऱ्याची जोडलेली असते, आणि पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना चक्क ‘दा’ ऐकू येते. डोळे मिटले की ‘बा’, उघडले की पुन्हा ‘दा’. युक्ती कळल्यावरही हा भास जात नाही. हा व्हिडिओ एकट्याने न पाहता दोघातिघांनी मिळून पाहावा, एकाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने उघडे ठेवावेत, मग कोणाला काय ऐकू आले यावरून होणारी चर्चा मजेची असते. आवाज ऐकण्यासाठी येथे हेडफोन लावणे बरे.

सबटायटल्स चालू करून पाहण्याची आठवण प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी या चॅनलसाठी मुद्दाम करून द्यावीशी वाटते. २०१५ पासून ऑस्ट्रेलियातील जंगलात एक गृहस्थ केवळ दगड, माती, लाकूड आणि वेली यांच्या साहाय्याने झोपड्या, भट्ट्या, कौले आणि भाते तयार करतात आणि संपूर्ण व्हिडिओत एक शब्दही बोलत नाहीत. अनेकांना वाटते की स्पष्टीकरण नाहीच. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीची माहिती सबटायटल्समध्ये लिहिलेली असते. एकदा सबटायटल्स बंद ठेवून हातांचे काम पाहावे, मग ती चालू करून कारणे वाचावीत.

वेळ घेणारे व्हिडिओ

झटपट व्हिडिओंच्या सवयीमुळे संथ चित्रणांची एक संपूर्ण दुनिया आपल्याकडून दुर्लक्षिली जाते. नॉर्वेच्या एनआरके या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून अधिक वेळाचा रेल्वेप्रवास जवळजवळ जसाच्या तसा दाखवला, आणि २०११ मध्ये किनाऱ्याने उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीचा १३४ तासांचा प्रवास थेट प्रक्षेपित केला. दोन्हींना अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. असे व्हिडिओ टक लावून बसण्यासाठी नाहीत. ते मोठ्या पडद्यावर लावून ठेवावेत आणि हातातले काम करता करता अधूनमधून मान वर करून पाहावे.

थेट प्रक्षेपणांची वेळ समजून घ्यावी लागते. अलास्कातील काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीच्या धबधब्यावर लावलेल्या कॅमेऱ्यांतून तपकिरी अस्वले उड्या मारणारे सॅमन मासे वरच्यावर तोंडात पकडताना दिसतात, परंतु त्यासाठी जुलै महिना सर्वांत चांगला आणि तिथला दिवस आपल्याकडे कोणत्या वेळी असतो हेही पाहायला हवे. भलत्या वेळी उघडले तर अंधार दिसतो. खोल समुद्रात यंत्रे सोडणाऱ्या नॉटिलस या जहाजाची प्रक्षेपणे तर संशोधकांच्या बोलण्यासह असतात. २०१६ मध्ये तळावर बसलेला, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांचा एक जांभळा आखूड स्क्विड त्यांना दिसला तेव्हा ते शास्त्रज्ञ लहान मुलांसारखे हसले. तो तुकडा सहज सापडतो आणि तो आवाजासकटच पाहिला पाहिजे.

आणि ज्यांना सहनशीलतेची हौस आहे त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातला डांबराच्या थेंबाचा प्रयोग आहे. थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबर नरसाळ्यात ओतून तो सुरू केला, १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापले, आणि हातोडीने ठोकल्यास तुकडे उडणारे हे डांबर तेव्हापासून इतक्या सावकाश वाहत आहे की आजवर नऊच थेंब पडले. २००० साली आठवा थेंब पडताना कॅमेऱ्यानेच दगा दिला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील अशाच प्रयोगात मात्र जुलै २०१३ मध्ये थेंब सुटण्याचा क्षण प्रथमच चित्रित झाला. तो वेग वाढवून केलेला व्हिडिओ आधी पाहावा, आणि मग क्वीन्सलँडचे थेट प्रक्षेपण उघडून दहावा थेंब किती लोंबला आहे ते पाहावे.

खरे आणि खोटे पारखणे

नवलाच्या व्हिडिओंत फसवणूक खूप आहे, पण प्रत्येक अशक्य दृश्य बनावट नसते, हे आधी सांगितले पाहिजे. हेलिकॉप्टरची पाती स्थिर असून ते हवेत तरंगताना दिसते, कारण कॅमेऱ्याच्या दोन फ्रेममधल्या वेळेत एका पात्याच्या जागी नेमके दुसरे पाते येते. ध्वनिवर्धकाजवळ धरलेल्या नळीतून पडणारे पाणी हवेत गोठल्यासारखे दिसते, तेही ध्वनीची कंपने आणि फ्रेमचा दर जुळवल्यामुळे. मोबाइलने टिपलेल्या विमानाच्या पंख्याची पाती वाकडी दिसतात, कारण मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो. हे सारे व्हिडिओ खरे आहेत. त्यांत दिसते ते कॅमेऱ्याचे वागणे.

वेग तपासणे हा पारखण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्याचे चित्रण जगभर भौतिकशास्त्राच्या वर्गांत दाखवले जाते. त्यातील रस्ता डावीकडे-उजवीकडे कलताना घड्याळ लावून मोजला तर मिनिटाला सुमारे १८ हेलकावे भरतात, मात्र त्या दिवशी हजर असलेल्यांनी १२ मोजले होते. मूळ चित्रण सेकंदाला १६ फ्रेमने झाले आणि ते २४ फ्रेमच्या वेगाने दाखवले गेले, म्हणून पूल दीडपट वेगाने हलताना दिसतो. व्हिडिओ खरा, पूल खरा, वेग तेवढा चुकीचा. वेग सुमारे ०.६७ पट ठेवला तर खऱ्या गतीच्या जवळ जाता येते. पाऊण पटीचा पर्याय त्याला बराच जवळचा आहे. याच व्हिडिओखाली अनेक ठिकाणी केवळ अनुनाद, म्हणजे वाऱ्याच्या झोतांचा ताल पुलाच्या नैसर्गिक हेलकाव्यांशी जुळणे, हे कारण लिहिलेले असते, तेही अपुरे आहे. पुलाची स्वतःची पिळवटणारी हालचालच वाऱ्यातून अधिकाधिक ऊर्जा ओढत गेली.

रंगवलेल्या आणि गुळगुळीत केलेल्या जुन्या चित्रणांविषयीही सावध असावे. शंभर वर्षांपूर्वीच्या रस्त्यावरची माणसे रंगीत आणि आजच्यासारख्या सहज चालीने दिसतात तेव्हा मन हरखते, हे खरे आहे. परंतु ते रंग आणि मधल्या वाढीव फ्रेम संगणकाने अंदाजाने भरलेल्या असतात. आनंदासाठी ते पाहावे, पण कपड्याचा रंग किंवा चेहऱ्याचा बारकावा पुरावा म्हणून धरू नये. मूळ कृष्णधवल चित्रण शेजारी उघडून ठेवले की कोणती भर कुठे पडली ते लगेच कळते.

निखालस बनावट व्हिडिओही कौशल्याचे असतात. बागेतून लहान मुलाला उचलून नेणाऱ्या गरुडाचा डिसेंबर २०१२ मधला व्हिडिओ काही तासांत जगभर पोचला. तो मॉन्ट्रियलमधील अॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी तयार केला होता, आणि गरुड व उचलले जाणारे मूल दोन्ही संगणकावर घडवलेले होते. बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी झाडांवरून शेवया तोडणारे कुटुंब दाखवले तेव्हाही अनेकांनी विश्वास ठेवला होता. अशा वेळी उपयोगी पडतात ते साधे प्रश्न: सर्वांत आधी हे कोणी टाकले, त्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे इतर काम काय आहे, तारीख कोणती, कॅमेरा नेमका त्या क्षणी तिथे का होता. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या दृश्यांत पूर्वी बोटे आणि अक्षरे चुकत असत, आता तीही बरीच सुधारली आहेत. त्यामुळे चित्रातील खुणा शोधण्यापेक्षा व्हिडिओचा उगम शोधणे अधिक भरवशाचे आहे. जंगलात हातांनी तलाव आणि महाल बांधल्याचा दावा करणाऱ्या कित्येक चॅनलांच्या मागे खोदकामाची यंत्रे असल्याचे उघड झाले आहे. ते पाहताना एक गोष्ट तपासावी: खणलेली माती गेली कुठे?

प्राण्यांच्या व्हिडिओंविषयी मी अधिक काटेकोर राहण्याचा आग्रह धरीन. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या स्लो लोरिसचा, म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या एका लहान निशाचर प्राण्याचा, व्हिडिओ गोड वाटतो म्हणून लाखो लोकांनी पाहिला आणि पुढे पाठवला, परंतु हात वर करणे ही त्या प्राण्याची घाबरल्यावरची संरक्षणाची ठेवण आहे. कोपराजवळच्या ग्रंथीतील विषारी स्रावापर्यंत तोंड नेण्यासाठी तो तसे करतो. अशा व्हिडिओंमुळे हा वन्य प्राणी घरी पाळण्याची मागणी वाढते. अजगराच्या विळख्यातून पिल्लू सोडवण्याचे जे व्हिडिओ एकामागून एक तशाच मांडणीने येतात, त्यांत पिल्लाला आधी तिथे ठेवलेले असण्याची शक्यता फार असते. असे व्हिडिओ दिसले तर ते बंद करावेत, संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवावी आणि चुकीचे आहे हे सांगण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नयेत, कारण प्रत्येक पाहणे बनवणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

सांभाळून ठेवणे आणि पाठवणे

ऑटोप्ले बंद ठेवावा, म्हणजे एक व्हिडिओ संपल्यावर पुढे काय पाहायचे हे आपण ठरवू. सुचवलेल्या यादीत नको ते आले तर रस नसल्याचा पर्याय दाबावा, आणि एखाद्या भलत्या विषयाची चौकशी करायची असेल तर पाहण्याची नोंद तेवढ्यापुरती थांबवावी. आवडलेले व्हिडिओ विषयवार प्लेलिस्टमध्ये ठेवावेत, पण केवळ लिंकवर भरवसा ठेवू नये. व्हिडिओ काढून टाकले जातात, चॅनल बंद पडतात. शीर्षक, टाकणाऱ्याचे नाव, वर्ष आणि पाहण्याजोगा क्षण कोणत्या मिनिटाला आहे एवढे चार तपशील एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवले, तर मूळ लिंक गेली तरी तोच व्हिडिओ दुसरीकडे शोधता येतो.

दुसऱ्याला पाठवताना मूळ चॅनलची लिंक पाठवावी आणि लांब व्हिडिओ असेल तर नेमक्या वेळेपासून सुरू होणारी लिंक घ्यावी. ती सोय शेअर करण्याच्या चौकटीतच असते. सोबत उत्तर लिहू नये. साखळीचा व्हिडिओ पाठवताना ‘ही वर का उसळते ते सांग’ एवढेच लिहावे, आणि समोरच्याने स्वतःचे उत्तर कळवल्यावरच स्पष्टीकरणाचा दुसरा व्हिडिओ पाठवावा.